आधी निर्णय शोधा

३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे झून प्लेअर एकाच दिवशी गोठले. दोष होता घड्याळाच्या ड्रायव्हरमधल्या एका छोट्या लूपमध्ये. १ जानेवारी १९८० पासूनचे दिवस घ्यायचे आणि त्यातून एकेक वर्ष वजा करत चालू वर्ष काढायचे, एवढेच त्याचे काम. दिवस ३६५ पेक्षा जास्त असेपर्यंत लूप फिरायचे. वर्ष लीप असेल, तर दिवस ३६६ पेक्षा जास्त असले तरच वजाबाकी व्हायची. आणि नेमके ३६६ उरले, की वजाबाकीही नाही आणि सुटकाही नाही.

याच फंक्शनला ८०० हा आकडा देऊन पाहा. १९८० चे ३६६ गेले, १९८१ चे ३६५ गेले, उरले ६९. म्हणजे १० मार्च १९८२. उत्तर बरोबर, आणि लूपमधली एकूण एक ओळ चालून गेलेली! लाइन कव्हरेज शंभर टक्के दाखवेल. ब्रांच कव्हरेज निदान एक फाटा कोरा राहिल्याचे सांगेल. पण तिथे ३६६ हाच आकडा द्यायचा, हे माणसालाच सुचावे लागते.

म्हणून आमचा आग्रह आहे, की कव्हरेजचे टार्गेट गाठायला गेटर-सेटरच्या टेस्ट लिहिण्यात वेळ घालवू नका. कोड जिथे निर्णय घेतो, तिथे थांबा. प्रत्येक तुलनेच्या अलीकडचा, नेमका आणि पलीकडचा आकडा द्या: ३६५, ३६६, ३६७.

हे डिझाइन करतानाच मनात हवे. कर्जाच्या हप्त्यावरचा विलंब आकार काढणारे फंक्शन आतच सिस्टिमची तारीख वाचत असेल आणि आतच डेटाबेस उघडत असेल, तर टेस्टसाठी चार मॉक उभे करावे लागतात. मग टेस्ट आकारणी तपासतच नाही. कोणती मेथड कोणी बोलावली, एवढेच पाहते, आणि रिफॅक्टरिंग केले की विनाकारण लाल होते. देय तारीख, आजची तारीख आणि थकीत रक्कम बाहेरून द्या. उरते ते निव्वळ गणित. त्याला मॉक लागत नाही आणि सवलतीचा शेवटचा दिवस एका ओळीत तपासता येतो. टेस्ट लिहिताना दमछाक होत असेल, तर आधी कोडची मांडणी बदला.

डेटाबेसची क्वेरी बरोबर आहे का, हे मात्र मॉक कधीच सांगणार नाही. तिच्यासाठी खऱ्या डेटाबेसवर चालणारी इंटिग्रेशन टेस्टच लिहावी लागेल.