शिदोरीत हेही बांधा



कॉलेजं सुरू व्हायचे दिवस आले की नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या एस.टी. स्टँडवर एकच चित्र दिसतं. बॅगा, गादीची वळकटी, चिवड्याचा डबा आणि पुण्याला निघालेलं लेकरू. लोणच्याच्या बरणीला आपण दोनदा फडकं बांधतो. एक गोष्ट मात्र बांधायची राहते, कारण ती बोलायला जीभ रेटत नाही.

मंचरजवळच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. थोरला इंजिनिअरिंगला गेला. पहिल्याच आठवड्यात वरच्या वर्गातल्या मुलांनी खोलीवर ‘फ्रेशर्स पार्टी’ ठेवली. "एवढं घेतलंस की तू आमच्यातला," म्हणत ग्लास हातात दिला. हा नको म्हणाला, तर सगळे हसले. मग घेतला. गणपतीला घरी आला, तेव्हा रात्री आईजवळ रडला. बाई लिहितात, "माझ्या माहेरची दोन एकर बागायत दारूत गेली. ऐकून माझे हातपाय गळाले. ह्यांना सांगितलं तर शिक्षणच बंद करतील. काय करू?"

ताई, मुलगा तुमच्यापाशी रडला, ही मोठी मिळकत आहे. ओरडून ती घालवू नका. वडिलांना सांगा, पण मुलाला आधी विश्वासात घेऊन. आणि त्यांना हेही सांगा, की तुमच्या भावाची वाट आणि ह्या पोराचा एक ग्लास, एकच नव्हे.

कायदाही आपल्या बाजूला आहे. महाराष्ट्रात बिअरला वयाची अट 21 वर्षांची, कडक दारूला 25 ची. पहिल्या वर्षाचं पोर असतं सतरा-अठराचं! आणि बळजबरीने पाजणं ही गंमत नव्हे, ते रॅगिंग. आपल्या राज्यात 1999 पासून त्याला कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 2009 साली हिमाचलात मेडिकलच्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा दारू प्यालेल्या सीनिअरांच्या मारहाणीनंतर दगावला, तेव्हा सारा देश हादरला होता. तक्रारीसाठी 1800-180-5522 हा फुकट नंबर आहे. वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या.

गावातलं दारूचं दुकान बायकांना ‘आडव्या बाटली’ला मत देऊन बंद पाडता येतं. होस्टेलच्या खोलीत मतपेटी नसते. तिथे पोर एकटंच असतं. म्हणून शिदोरीत तीन गोष्टी बांधा. मुलगी असली तरी ह्याच.

पहिली, नकाराचं वाक्य. "मी घेत नाही," एवढंच. कारणं देत बसलं की लोक वाद घालतात. ओट्यापाशी उभं करून चार वेळा म्हणवून घ्या. हातात आपणच ओतलेलं सरबत असू द्यावं, म्हणजे कुणी ग्लास पुढे करत नाही.

दुसरी, जीव वाचवायची माहिती. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, ह्यांनी दारू उतरत नाही. ती उतरायला वेळच लागतो. मित्र हलवूनही जागा होत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, ओठ निळसर, अंग गार पडलं असेल, तर "झोपू दे, उतरेल," म्हणू नये. कुशीवर वळवावं, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. एकटं सोडू नये आणि लगेच 108 ला फोन करावा.

तिसरी, आपला शब्द. "रात्री दोनला फोन केलास तरी आधी तुला सुखरूप आणू, बोलणी नंतर." हा शब्द मग पाळायलाही हवा. फोन आलाच तर पहिलं वाक्य, "कुठे आहेस, बरा आहेस ना?" एवढंच.

आणि ताई, दिवाळीला तो येईल तेव्हा खिसे तपासू नका. शेजारी बसवून जेवू घाला. बाकीचं तो आपणहून सांगेल.