गळकं छत कुणाचं?

सोलापुरात पाऊस बेताचाच. पण जुन्या माळवदाला तेवढाही पुरतो. छत गळलं की घरमालकीण म्हणते, ‘राहता तुम्ही, तुम्हीच बघा.’ भाडेकरीण म्हणते, ‘घर तुमचं!’ अशी भांडणं माझ्याकडे नेहमी येतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो, करारात वेगळं ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. त्याने टाळलं तर लेखी नोटीस द्यावी. १५ दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंतच. भाडेकरूनेही लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम करू नये, घर सोडायची पाळी येऊ शकते.

मैत्रिणींनो, तोंडी व्यवहारात यातलं काय सिद्ध होणार? करार नोंदवून घ्या, ती जबाबदारी मालकाचीच. आणि दरमहा पावती मागायला लाजू नका!