हृदयाचं अस्तर

शेरवानीला आतून अस्तर असतं, तसं आपल्या हृदयालाही असतं. त्याला एंडोकार्डियम म्हणतात. हृदयातलं रक्त या पातळ, गुळगुळीत थराला लागूनच वाहतं.

शिंपी अस्तर मागाहून लावतो. इथे सुरुवातच अस्तराने होते. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भात दोन नाजूक नळ्या तयार होतात. 22व्या दिवसाच्या सुमारास त्या जुळून एक होतात, स्नायूंचा थर त्यांना बाहेरून वेढतो आणि ठोके सुरू होतात. पुढे अस्तरातल्या काही पेशी मधल्या जेलीसारख्या थरात उतरतात. तिथे उशीसारखे उंचवटे येतात. त्यांतूनच झडपा आणि कप्प्यांमधल्या पडद्यांचा काही भाग घडतो. इथे काही बिघडलं तर हृदयात छिद्र राहू शकतं.

आता हिशेब करू या. पाळी चुकते तेव्हा गर्भ जेमतेम दोन आठवड्यांचा असतो. चाचणी होऊन घरात खुशखबर पोहोचेपर्यंत हे काम सुरू झालेलं असतं. म्हणून मधुमेह असलेल्या बहिणींनी दिवस राहण्याआधीच साखर ताब्यात आणावी. रुबेलाची लसही आधीच घ्यावी; गरोदरपणात ती देत नाहीत.

आणि एवढं करूनही बाळात दोष निघाला, तर नजर लागली म्हणत बसू नये, सुनेला बोल लावू नये. बाळाला लगेच हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यावं.