सारथ्यावांचून रथ

घोड्यावांचून पळणारी गाडी पाहून आमचे पणजोबा चकित झाले असतील. आजच्या विद्यार्थ्यांस हांकणाऱ्यावांचून चालणाऱ्या मोटारीचेंही फारसें नवल वाटत नाहीं. तथापि ही कल्पना बरीच जुनी आहे. १९२५ सालीं न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर एक मोटार बिनतारी संदेशांनीं चालविण्यांत आली. हांकणारा होताच, मात्र तो मागच्या गाडींत बसला होता! यंत्रानें स्वतः पाहावें व पाहिलेलें ओळखावें, ही खरी अडचण पुढें कित्येक वर्षें राहिली. २००४ सालीं अमेरिकेंतील डार्पा या लष्करी संशोधन-संस्थेनें मोहावी वाळवंटांत सुमारें दीडशें मैलांची शर्यत ठेविली, तेव्हां सर्वांत पुढें गेलेली गाडी आठ मैलही गेली नाहीं. पुढल्याच वर्षीं पांच गाड्यांनीं १३२ मैलांचा मार्ग पुरा केला. त्यांत स्टॅनफर्ड विद्यापीठाची ‘स्टॅनले’ पहिली आली. अपयशानंतर इतक्या लवकर एवढी मजल मारणाऱ्यांचें कौतुक केलेंच पाहिजे.

परंतु वाळवंटांत पादचारी नसतात. २०१८ च्या मार्चमध्यें ॲरिझोनांतील टेंपी शहरीं, रात्रीं सायकल हातीं धरून रस्ता ओलांडणारी एक बाई उबर कंपनीच्या चांचणीच्या गाडीची धडक बसून मृत्यु पावली. यंत्रास ती सुमारें साडेपांच सेकंद आधीं दिसली होती. पण ही मोटार, कीं सायकल, कीं आणखी कांहीं, याविषयीं त्याचा निर्णय पुनःपुन्हां बदलत राहिला. गाडीच्या मूळ कारखान्यानें बसविलेली आपोआप थांबण्याची योजना चांचणीपुरती बंद ठेविली होती. देखरेखीस बसलेल्या चालकाचें लक्ष मोबाईलकडे होतें. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाहीं. २०२३ सालीं शिक्षा झाली ती एकट्या चालकास.

हा न्याय मला अपुरा वाटतो. चालकाचा दोष होताच; पण ज्यांनीं असें यंत्र रस्त्यावर सोडलें, त्यांनीं हाबेलाविषयीं विचारल्यावर काइनानें दिलें तसें उत्तर द्यावें काय? यंत्र येऊं नये, असें माझें म्हणणें नाहीं. त्यास झोंप येत नाहीं, राग येत नाहीं, तें मद्य पीत नाहीं. माणसाविषयीं असें कोण म्हणेल? ब्रिटनच्या २०२४ च्या कायद्यानें, गाडी स्वतः चालत असतां तिच्या चालण्याचा जाब आंत बसलेल्याकडे न मागतां, तिची हमी घेणाऱ्या कंपनीकडे मागण्याचें ठरविलें आहे. आपल्या देशांत अशा गाड्या धांवूं लागण्यापूर्वींच असा कायदा झाला पाहिजे. पहिल्या अपघातानंतर नव्हे.