बंड मोडलें म्हणजे काय साधलें?

‘बंड मोडलें’ असें सरकारी कागदांत लिहून झालें म्हणजे राज्यकर्त्यांस गाढ झोंप लागते. पण ज्यांच्या शेतांतून बंडवालेही गेले आणि फौजही गेली, त्या रयतेस मात्र कोणी विचारीत नाहीं. तो प्रश्न आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंनीं स्वतःच विचारावयास शिकलें पाहिजे. कारण जयाचे चौघडे एकाच्या दारीं वाजतात आणि त्यांचा खर्च दुसऱ्याच्या माथीं बसतो.

आपल्याच मुलखांतला दाखला घेऊं. १८४४ सालीं कोल्हापूर संस्थानांत गडकऱ्यांनीं बंड केलें. गडकरी म्हणजे गडाखालच्या जमिनी वंशपरंपरेनें खाऊन गडाची राखण करणारे लोक. कंपनी सरकारच्या मर्जींतले कारभारी दाजी कृष्ण पंडित यांच्या अमदानींत त्या जमिनींची व्यवस्था मामलेदारांच्या हातीं गेली. आज व्यवस्था गेली, उद्यां जमीनही जाईल, हें भय कोणा कुळास समजावून सांगावें लागत नाहीं! तीच आग घाट उतरून सावंतवाडींत आली. तेथला कारभार कंपनीनें १८३८ सालींच आपल्याकडे घेतला होता. फोंड सावंत तांबुळकर मुलांसह उठले, युवराज अण्णासाहेब त्यांस मिळाले, आणि मनोहर-मनसंतोष गडांवर बंडाचें ठाणें बसलें.

ऑक्टोबरांत सामानगड पडला, डिसेंबरांत पन्हाळा, आणि जानेवारी १८४५ मध्यें औट्रम साहेबाच्या मोहिमेंत मनोहरगड. किल्ले मोजले तर विजय पुरा. पण पुढारी रानांतून गोव्यांत निसटले, आणि १८५८ सालीं त्याच फोंड सावंतांचे मुलगे सावंतवाडीपासून कारवारापर्यंतच्या जंगलांत पुन्हां उठले. बापाचें भांडण मुलांच्या हातीं आलें, तर तें बंड मोडलें म्हणावें कीं वारसानें पुढें गेलें म्हणावें? आणि खर्च? पुढें अण्णासाहेबांस वारसाहक्क परत देतांना बंडाचा साडेपांच लाख रुपये खर्च फेडण्याची हमी घेण्यांत आली. राजा नांगर धरीत नाहीं. संस्थानाची तिजोरी म्हणजे कुळाचा शेतसारा. ज्याचें शेत तुडविलें त्याच्याच पदरावर तुडविण्याची मजुरी!

आम्ही बंडवाल्यांचीही आरती ओंवाळीत नाहीं. सरदारास गादी हवी होती, गडकऱ्यास जमीन. सरदाराच्या भांडणांत जो गरीब मेला, त्याच्या पोरांस गादी मिळणार नव्हती.

मालवणकडे खारजमिनीचा बांध फुटला तर शहाणा शेतकरी नुसती माती लोटून घरीं जात नाहीं. कुर्लीचें बीळ कोठें आहे तें शोधतो. बीळ राहिलें तर पुढच्या उधाणास बांध पुन्हां जातो.

हेंच माप आज महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोंकास, गडचिरोलीस लावावें. तेथें नक्षलवाद्यांशीं लढण्यास १९९० सालीं सी-६० हें खास पोलीस पथक उभें राहिलें. ऑक्टोबर २०२५ मध्यें भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव यानें ६० साथीदारांसह शस्त्रें खालीं ठेविलीं. ही गोष्ट चांगलीच झाली. खबरी ठरवून गरीब आदिवासींचे गळे कापणारी क्रांति कोणास हवी आहे? ज्या पोलीस शिपायांनीं प्राण दिले, तेही बहुधा शेतकऱ्यांचेच पोर होते. पण किती मेले आणि किती शरण आले, ही किल्ल्यांचीच मोजणी झाली. बिळाची चौकशी निराळी आहे. आदिवासीस आपल्या जंगलाचा हक्क मिळाला काय? सुरजागडचें लोखंड डोंगरांतून निघतें, त्यांतलें पायथ्याच्या गांवास काय मिळतें? त्याचे पोर शिकून मामलेदाराच्या खुर्चीवर बसेल काय? त्याच जिल्ह्यांत मेंढा-लेखा या गांवास २००९ सालीं कायद्यानें सामूहिक वनहक्क मिळाला, आणि तेथली ग्रामसभा आपला बांबू आपण विकूं लागली. बंदुकीवांचून असा एक गांव जिंकला जातो, त्याची मोजणी कोण करतो?

तेव्हां बंधूंनो, कोणीही जयाची दवंडी पिटली तर टाळ्या वाजविण्याआधीं तीन गोष्टी विचारा: जमीन कोणाकडे राहिली, खर्च कोणीं भरला, आणि त्या गांवचीं पोरें आतां शाळेच्या वाटेनें जातात कीं रानाच्या? या प्रश्नांचें उत्तर रयत समाधानानें देईल तेव्हांच बंड मोडलें समजावें. तोंपर्यंत तें फक्त दबलें आहे.