दांडा कुठे बसायचा?

गेल्या हिवाळ्यात बी. ए.च्या मुलांना घेऊन एका वस्तुसंग्रहालयात गेलो होतो. कोणत्या, ते सांगत नाही. दोष एकट्या त्याचा नाही. काचेआड विदर्भातल्या चपट्या लोखंडी कुऱ्हाडी मांडल्या होत्या आणि खाली पाटी होती : ‘लोहवस्तू. बृहदश्मयुग.’ इतवारीच्या लोहा ओळीत ज्याच्या वडिलांचे दुकान आहे असा एक विद्यार्थी काचेला नाक लावून बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “सर, याला भोकच नाही. मग दांडा कुठे बसायचा?”

पाटीला ते ठाऊक नव्हते. मला योगायोगाने होते : माहुरझरी-नायकुंडच्या या कुऱ्हाडींना एकमेकींना छेदणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचे बंध असत आणि त्या बंधांनी पाते दांड्याला जखडले जाई. एवढे एक वाक्य पाटीवर असते, तर त्या मुलाच्या आणि अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोहाराच्या मध्ये काचेखेरीज काही उरले नसते.

आपल्याकडे संग्रहालयातील मांडणी म्हणजे सजावट, असे एक मत दृढ झाले आहे. दिवे, रंग, काच, पायऱ्या या सगळ्याचा विचार होतो आणि मजकूर अखेरच्या आठवड्यात ‘भरून घेतला’ जातो. जणू मजकूर ही रिकाम्या जागेची भरणी! प्रत्यक्षात उत्खनित वस्तू मूक असते. ती जमिनीतून वर येते तेव्हाच तिचा संदर्भ सुटलेला असतो. तो परत जोडून देणे हे भाषेचे काम आहे, आणि भाषेचे काम हे आपले, म्हणजे मराठीच्या अध्यापकांचे काम आहे. आपण मात्र कथा-कादंबरीच्या पलीकडचे गद्य हे गद्यच नव्हे, अशा थाटात वावरत आलो आहोत.

आणि हे नागपुरात घडावे, हे अधिक खेदाचे. स्टीफन हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळच्या पूर आलेल्या ओढ्यात बुडून मृत्यू पावले. त्याच वर्षी येथे मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. लोकांनी त्याला ‘अजब बंगला’ म्हटले; इतके नेमके नाव कुठल्या समितीला सुचले असते असे वाटत नाही. १८६७ मध्ये रिव्हेट-कारनॅक यांनी जुनापाणीची वर्तुळे खोदली, तेथल्या काही वस्तू आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पुढे शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड येथे उत्खनने केली. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. माहुरझरीला माणसाबरोबर पुरलेला घोडा, त्याच्या तोंडातली लगामाची कडी, कपाळावरचे तांब्याचे आभूषण. ज्या शहराच्या परिसरात हे सर्व आहे, त्याच शहराच्या इतवारीत आजही लोखंडाची स्वतंत्र ओळ आहे. लोहा ओळीतला हमाल आणि नायकुंडचा भट्टीवाला यांच्यात रक्ताचे नाते आहे असे मी म्हणत नाही (असले भावुक पूल बांधणे हाही एक रोगच). दोघांना समजेल अशा शब्दांत पाटी लिहिता येते, एवढेच म्हणतो. पळीला पळी, छिन्नीला छिन्नी म्हणावे. ‘लोहउपकरण’ या शब्दाने शास्त्राचे रक्षण होत नाही, लिहिणाऱ्याचे अज्ञान तेवढे झाकले जाते.

सोपे केले की शास्त्र बिघडते, हा आक्षेप तज्ज्ञांकडून येईल, हे मी जाणतो. त्यांनी जपानकडे पाहावे. आओमोरी येथे बेसबॉलच्या मैदानासाठी जमीन खणताना सान्नाइ-मारुयामा ही जोमोनकालीन वसाहत उघडी पडली, आणि १९९४ मध्ये ते मैदानच रद्द करण्यात आले. तेथे सहा प्रचंड चेस्टनट खांबांचे खड्डे मिळाले. ती इमारत कशासाठी होती, तिला छप्पर होते का, यावर विद्वानांत मतभेद. मग पुनर्रचना करताना त्यांनी काय केले? खांब उभारले, मजले घातले आणि छप्पर घातलेच नाही. ज्याला ते माहीत नाही असा प्रेक्षकही वर पाहून विचारतो, की हे असे उघडे का? मतभेद हाच तेथे प्रदर्शनाचा विषय झाला. सोपेपणा आणि प्रामाणिकपणा यांत वैर नसते, याचे हे उदाहरण.

आपल्याकडे काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. छप्पर, त्यावर कळस, रात्री सातला ध्वनिप्रकाश आणि भारदस्त आवाजातले निवेदन.

जुनापाणीचे वर्तुळ तर खोलीत आणताच येणार नाही. ते माळावरच पाहायचे. काही दगडांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांवर बोट फिरवायचे. पण खोलीत आलेल्या कुऱ्हाडीने निदान ती वर्तुळात कुठे होती, कोणाच्या हाडांजवळ, कोणत्या मडक्याशेजारी, हे सांगायला हवे. जमिनीवर एक वर्तुळ आखून वस्तू त्यांच्या मूळ जागी मांडल्या, तर खर्च फारसा येत नाही. खर्च येतो तो अहवाल वाचण्याचा.

म्हणून यंदा एम. ए.च्या वर्गाला प्रकल्प म्हणून मी दहा पाट्या लिहायला दिल्या आहेत, प्रत्येकी पन्नास शब्दांच्या. विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारले, “यात साहित्य कुठे आहे?” मी त्यांना दांड्याचा प्रश्न सांगितला. ते हसले आणि अभ्यासक्रमाची प्रत पुढे सरकवली. पाट्या पुढच्या सोमवारी जमा व्हायच्या आहेत.