तेरच्या पांढरीत दडलेले तगर

ढोकी म्हटले की बाहेरच्या माणसाला तेरणा साखर कारखाना आठवतो आणि जुन्या माणसाला बार्शी लाईटची छोटी गाडी. पण ढोकीच्या शेजारी, तेरणा नदीच्या काठी, तेर हे गाव आहे. गोरोबाकाकांमुळे ‘तेरढोकी’ ही जोडी महाराष्ट्रभर ओळखीची झाली. त्याच्याही हजारभर वर्षे आधी या तेरचे नाव रोमन साम्राज्यातल्या एका व्यापाऱ्याच्या वहीत लागले होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

आम्ही पेशाने कारकून. जमाखर्चाची भाषा आम्हाला चटकन कळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ आम्हाला म्हणूनच जवळचा वाटतो. कोठून कोणता माल येतो, किती दिवस लागतात, याची ती नोंदवही आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरचे साधे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई आणि तेथून जहाजावर चढे. हे तगर म्हणजेच आपले तेर, असे जे. एफ. फ्लीट यांनी 1901 साली दाखवून दिले.

त्या वहीत माल आहे, मजल आहे. पण ज्याने कापूस वेचला, जिने सूत कातले, ज्याने माग चालवला, त्यांचे नाव नाही. कष्टकऱ्याचे नाव वहीत येत नाही, ही रीत तेव्हापासूनची! त्यांची खूण उरली ती तेरच्या पांढरीत. 1958 साली चापेकर यांनी येथे उत्खनन केले. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी मणी, नाणी, खापरे, मातीच्या मूर्ती असा हजारो वस्तूंचा ठेवा जमवला. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेरला आहे. तेथे हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच भारतीय घडणीची मूर्ती 1938 साली इटलीतील पाँपेई येथे सापडली. ते शहर इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते.

तेरचे त्रिविक्रम मंदिरही नीट पाहावे. मागची बाजू अर्धगोल, छत हत्तीच्या पाठीसारखे, बांधकाम विटांचे. हेन्री कझिन्स यांनी 1902-03 च्या सुमारास हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे नोंदवले. पुढच्या उत्खननांत विटांचा स्तूपही उजेडात आला. यावरून कुणाशी भांडायला जाण्याचे कारण नाही. भाविकांनी दर्शनाला यावे, वारकऱ्यांनी गोरोबाकाकांच्या समाधीला यावे. परंतु गावाचा इतिहास सांगताना पहिले पान फाडून दुसऱ्यापासून वाचू नये, एवढेच आमचे म्हणणे.

इटलीतली डोंगरावरची लहान लहान गावे आपला जुना दगड न् दगड जपतात आणि त्यावर चार घरांची चूलही पेटते. आपल्याकडे मात्र जुन्या गावठाणाची पांढरी माती माळवदावर नाहीतर शेतात टाकायची सवय. त्या एका टोपलीत इतिहासाची दहा पाने जातात. ती पुन्हा लिहिता येत नाहीत.

तेव्हा बंधू-भगिनींनो, या सुट्टीत मुलांना घेऊन तेरला जा. संग्रहालय पाहा, चैत्यगृह पाहा. सवड असेल तर धाराशिवजवळची लेणीही पाहा. शेतात नाणे किंवा मणी सापडला तर विकू नका, संग्रहालयाला कळवा. आणि मुलांना सांगा की आपल्या मागासलेल्या म्हणवणाऱ्या मुलखातले कापड कधीकाळी समुद्रापार जात होते. ते विणणारे हात कष्टकऱ्यांचेच होते.